डोळ्याला थाप मारणारी बाग

फ्रान्समधल्या शातोंच्या, म्हणजे जुन्या सरदारी वाड्यांच्या, बागा पाहायला जाणारे बरेच जण फुलांच्या आशेने जातात आणि थोडे हिरमुसून परततात. नजर जाईल तिथे रेघा, कोन, खडीचे रस्ते, कातरलेली झुडपं आणि पाणी. फुलं असतात, पण कडेला, हात राखून दिल्यासारखी. त्यांची तक्रार खोटी नाही. फुलं आणि भाज्याच हव्या असतील तर ल्वार नदीच्या खोऱ्यातल्या व्हिलांद्रीला जावं. तिथे मूळचे स्पॅनिश असलेले डॉक्टर होआकिन कार्व्हायो यांनी १९०६ मध्ये वाडा विकत घेऊन नऊ चौकोनांची भाजीबाग उभी केली. कोबी, बीट आणि लीक यांच्या पानांचे रंग वापरून केलेली ती आखणी वर्षातून दोनदा बदलते. सतराव्या शतकातल्या दरबारी बागेचा खरा ऐवज मात्र जमिनीत असतो. जमीन कुठे उचलली, कुठे दाबली, कुठे कापली, हे वाचता आलं की तीच रुक्ष वाटणारी बाग दोन तास जागचं हलू देत नाही. आणि ते वाचायला शिकायचं तर वो-ल-विकोंत या शातोच्या बागेसारखी दुसरी शाळा नाही.

पॅरिसच्या आग्नेयेला साधारण ५५ किलोमीटरवर, मलँ शहराजवळ मँसी नावाचं गाव आहे. त्या गावाच्या हद्दीत निकोला फुके याने ही जागा १६४१ मध्ये घेतली. १६५३ मध्ये तो फ्रान्सच्या खजिन्याचा प्रमुख झाला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने तीन माणसं एकत्र आणली: वास्तुरचनाकार लुई ल वो, चित्रकार शार्ल ल ब्रँ आणि बागेचा आखणीकार आंद्रे ल नोत्र. वाटेत येणाऱ्या वस्त्या विकत घेऊन पाडल्या, टेकड्या कापल्या, आंकय नावाची छोटी नदी सरळ कालव्यात बसवली. १७ ऑगस्ट १६६१ रोजी चौदाव्या लुईच्या स्वागताला इथे मेजवानी झाली, मोलिएरचं नवं नाटक झालं, आतषबाजी झाली. १९ दिवसांनी, ५ सप्टेंबरला, म्हणजे राजाच्या तेविसाव्या वाढदिवशी, फुकेला नांतमध्ये अटक झाली. मेजवानीच्या थाटामुळे राजा जळला आणि म्हणून अटक झाली, ही गोष्ट गाइड रंगवून सांगतात. प्रत्यक्षात अटकेचा बेत त्याआधीच काही महिने शिजत होता आणि चूल फुंकत होता राजाचा विश्वासू कारभारी कोल्बेर. तीन वर्षं खटला चालला. न्यायाधीशांनी बहुमताने हद्दपारी दिली, राजाने ती वाढवून जन्मठेप केली, आणि १६८० मध्ये फुके पिन्योरोलच्या किल्ल्यात मेला. संत्र्याची झाडं, पुतळे, गालिचे राजाने उचलले. तिन्ही कारागीरही पुढे त्याच्याच कामाला लागले, व्हर्सायच्या राजवाड्यावर.

मराठी वाचकाला काळ पटकन लागावा म्हणून सांगायचं तर १६६१ हे उंबरखिंडीच्या लढाईचं वर्ष. आणि फुकेला खाली खेचणाऱ्या कोल्बेरनेच १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली, जिची हिंदुस्थानातली पहिली वखार १६६८ मध्ये सुरतेला उघडली. इतिहास इथेच थांबवू, कारण बाग पाहताना तो मध्ये मध्ये येतो आणि नजर विचलित करतो.

पहिली गोष्ट, उभं कुठे राहायचं. ही बाग फिरण्यासाठी आहे हे खरं, पण आखली आहे एका ठिकाणावरून पाहण्यासाठी. शातोच्या मागच्या, म्हणजे दक्षिणेच्या दारातून बाहेर पडल्यावर पायऱ्यांचा जो माथा लागतो, ते ते ठिकाण. तिथे पायऱ्यांच्या मधोमध उभं राहा. समोर गालिच्यासारखी नक्षी, मग एक गोल तळं, मागे चौकोनी तळं, त्याला लगटून दगडी कमानींची भिंत, तिच्यामागे हिरवा उतार आणि उतारावर सोनेरी हर्क्युलिस. सगळं आटोपशीर, एका नजरेत मावणारं. दहा मिनिटांत शेवटाला पोहोचून परत येऊ असं वाटतं. हर्क्युलिस तिथून सुमारे दीड किलोमीटरवर आहे.

हे कसं साधलं, ते समजण्यासाठी थोडं गणित लागतं, पण शाळेतलं. लांबची वस्तू लहान दिसते हे सगळ्यांना माहीत असतं. जमिनीवर आडव्या पसरलेल्या वस्तूला मात्र दुहेरी मार बसतो. तिची रुंदी अंतराच्या प्रमाणात घटते. पण आपल्यापासून दूर जाणारी तिची लांबी जवळपास अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. समजा तुमचा डोळा तळ्याच्या पातळीपेक्षा १० मीटर उंच आहे आणि तळं ६० मीटर लांब, ६० मीटर रुंद, अगदी चौरस आहे. ते १०० मीटरवर असेल तर त्याची दिसणारी लांबी रुंदीच्या सोळाव्या हिश्श्याइतकी असते. तेच तळं ५०० मीटरवर नेलं तर छप्पन्नाव्या हिश्श्याइतकी. हिशोब सोपा आहे: तळ्याच्या दूरच्या काठाचं अंतर भागिले डोळ्याची उंची. म्हणजे लांबचं तळं चौरस बांधलं तर पायऱ्यांवरून त्याची एक चकाकती रेघ दिसेल, तळं म्हणून ते ओळखूही येणार नाही. (हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, ल नोत्रच्या तळ्यांची मापं वेगळी आहेत.)

ल नोत्रने या नियमाशी उलटा सौदा केला. दूरची तळी जवळच्यापेक्षा कितीतरी मोठी केली. काही ठिकाणी पाण्याची आणि हिरवळीची जवळची कड अरुंद, दूरची कड रुंद ठेवली. डोळ्याने जितकं आकुंचन करायचं तितकं आधीच भरून दिलं. जमीन पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरवली, पण प्रत्येक टप्पा उतरताना पुढच्या टप्प्याची कड दिसेल इतकीच. आणि अगदी शेवटी, जिथे सगळं सपाट होऊन क्षितिजात विरघळलं असतं, तिथे जमीन पुन्हा वर उचलली. तो उतार पाहणाऱ्याकडे कललेला आहे, त्यामुळे त्यावरचं गवत आडव्या जमिनीपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. परिणाम असा की दूरचं जवळ ओढलं जातं. रंगमंचावर नेपथ्यकार जवळचं दूर भासवतो, त्याच्या नेमकं उलट.

ही अक्कल माळीकामातून आलेली नाही. ल नोत्रचे वडील आणि आजोबा दोघेही तुइलरीच्या राजबागेत माळी होते, पण तरुणपणी तो सिमों व्हुए या चित्रकाराच्या चित्रशाळेत शिकला. ल ब्रँही त्याच चित्रशाळेतला. चित्रकार कागदावर खोली निर्माण करतो. ल नोत्रकडे खोली आयती होती, तीही गरजेपेक्षा जास्त. त्याने ती दाबून चित्राइतकी केली. वो-ल-विकोंतच्या (थोडक्यात वोच्या) बागेबद्दल लिहिणारे युक्लिडच्या दृक्‌शास्त्रातल्या प्रमेयांचा उल्लेख करतात: डोळ्याच्या पातळीखालच्या सपाट पृष्ठभागावर जे जितकं लांब, ते तितकं वर उचलल्यासारखं दिसतं. त्याने युक्लिड वाचला होता की चित्रशाळेत हातानेच शिकला, याने फरक पडत नाही. वोमध्ये ते प्रमेय खडी आणि पाण्याने लिहिलेलं आहे.

आता चालायला लागा, आणि थाप उघडी पडताना पाहा. मधल्या रस्त्यानेच चालायचं, बाजूच्या झाडीतून नाही. नक्षीचे वाफे वरून एका हाताच्या अंतरावर वाटत होते, त्यांच्या शेवटाला जाईपर्यंतच बराच वेळ जातो. पायऱ्यांवरून लंबगोल दिसलेलं तळं जवळ आल्यावर हळूहळू गोल होतं. डावी आणि उजवी बाजू एकमेकींच्या प्रती असतील असं गृहीत धरलेलं असतं, तेही खोटं ठरतं. एका बाजूला सोनेरी मुकुटाच्या कारंज्याचा वाफा, दुसऱ्या बाजूला फुलांचा. दोन्हींची रुंदी वेगळी आणि जमिनीची पातळीही वेगळी. मूळ उतार आडवा होता. तो पूर्ण सपाट करण्याऐवजी ल नोत्रने तोल असा साधला की मधल्या रेषेवरून पाहणाऱ्याला तफावत जाणवू नये. समरूपतेचा आभास पुरतो, समरूपता लागत नाही, हा या बागेतला मला सर्वांत आवडणारा धडा आहे. आणि हौशी नकलाकारांनी सर्वांत कमी घेतलेलाही. युरोपभर आणि युरोपाबाहेर या शैलीच्या ज्या नकला झाल्या, त्यांत मोजपट्टी लावून दोन्ही बाजू सारख्या केल्या गेल्या आणि म्हणूनच त्या मेलेल्या दिसतात.

पुढे चौकोनी तळं येतं. त्याला आरसा म्हणतात. इथे पोहोचल्यावर कळतं की ज्या कमानी तळ्याच्या काठालाच टेकल्या होत्या, त्या आता मागे सरकल्या आहेत. अजून काही पावलं पुढे गेलं की जमीनच संपते. खाली, पूर्ण वेगळ्या पातळीवर, जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा कालवा आडवा पसरलेला असतो, आणि कमानी त्याच्या पलीकडच्या काठावर असतात. पायऱ्यांवरून या कालव्याचा पाण्याचा थेंबही दिसत नाही. तो बागेच्या अक्षाला काटकोनात आणि इतका खाली आहे की वरच्या गच्चीची कड त्याला पुरता झाकते. आणखी एक गोष्ट लपलेली असते: ज्या कड्यावर तुम्ही उभे आहात, त्याच्याच दर्शनी भिंतीत धबधब्यांची दगडी रचना आहे. तिचं तोंड कालव्याकडे असल्यामुळे ती फक्त खाली उतरल्यावर किंवा पलीकडे गेल्यावर दिसते. शातोकडून येणाऱ्याला त्यातलं काहीच दिसू नये, अशी ती मुद्दाम बांधली आहे.

इथे बरेच पाहुणे वळून परत जातात. समोर पाणी आहे आणि पूल नाही, म्हणून बाग संपली असं त्यांना वाटतं. बाग संपलेली नाही. कालव्याच्या एका टोकाला वळसा घालून पलीकडे जायचं असतं, आणि हा वळसा चांगला काही शे मीटरचा आहे. पूर्वेच्या टोकाला कालवा गोल पसरट होतो; त्या भागाला तिथले लोक तळणीचा तवा म्हणतात. पलीकडच्या काठावर कमानींच्या दोन्ही टोकांना आडवे पहुडलेले दोन दगडी नदीदेव आहेत: एक रोमची टायबर, दुसरी इथली आंकय. रोमच्या महानदीशेजारी गावच्या ओढ्याला बसवण्यात फुकेची सगळी महत्त्वाकांक्षा आली. कमानींच्या बाजूच्या पायऱ्यांनी वर चढलं की उतार, आणि उतारावर हर्क्युलिस. हा पुतळा फुकेच्या काळात इथे कधी उभा राहिला नाही. योजना त्याची, पण पुतळा बसवला १८९१ मध्ये. रोमच्या फार्नेसे हर्क्युलिस या प्राचीन पुतळ्याची ती प्रत आहे. तरीही त्याला नंतरची भर म्हणून वगळता येत नाही, कारण त्याच्याविना दीड किलोमीटरच्या रेषेला टोकच उरत नाही आणि पायऱ्यांवरून नजर उतारावरून घसरत झाडीत जाते.

हर्क्युलिसपाशी वळून शातोकडे पाहायचं. इथून बाग लांब दिसते, तिच्या खऱ्या लांबीइतकी, किंबहुना जास्तच. कारण आकारांची भरपाई पायऱ्यांच्या बाजूने केलेली आहे. उलट्या बाजूने तीच भरपाई उलटी पडते.

परतताना कमानींच्या वरच्या गच्चीवर थांबा. चौकोनी तळ्यात शातोचं प्रतिबिंब इथून दिसतं, जरी इमारत तळ्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर आहे. याचंही कारण साधं आहे. स्थिर पाण्यात येणारा आणि परतणारा किरण एकाच कोनात असतात, म्हणून डोळ्याची पाण्यापासूनची उंची आणि तळ्यापर्यंतचं अंतर यांचं प्रमाण जुळलं तरच छपरासकट इमारत पाण्याच्या चौकटीत मावते. प्रमाण जुळत नसेल तर माथा किंवा पाया कापला जातो. वीसएक पावलं पुढेमागे किंवा वरखाली होऊन चौकट सापडते. वारा असेल तर सगळं व्यर्थ. झुळूक आली की प्रतिबिंब आधी उभ्या रेघांत ताणतं आणि मग फुटतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा हवा पडलेली असते. प्रकाशाचंही लक्षात ठेवा. बाग शातोच्या दक्षिणेला आहे, म्हणून भर दुपारी पायऱ्यांवरून पाहताना ऊन डोळ्यांत येतं आणि पाणी पांढरंफटक दिसतं. उलट, हर्क्युलिसकडून शातोकडे पाहताना सूर्य पाठीशी असतो. फोटो काढणाऱ्यांनी पायऱ्यांवरचं दृश्य सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात घ्यावं, प्रतिबिंब कधीही, वारा नसताना.

शातोच्या घुमटात चढता येतं. तिथे बहुतेक लोक सगळ्यात आधी जातात. मी म्हणेन, शेवटी जा. वरून बाग नकाशासारखी उलगडते आणि सगळ्या युक्त्या एकदम उघड्या पडतात. चालून घेतल्यावर ते पाहण्यात मजा आहे. आधी पाहिलं तर पायऱ्यांवरचा भास होतच नाही, कारण मेंदू आता फसायला तयार नसतो.

आता पायाशी पाहू. शातोच्या लगतच्या दोन मोठ्या वाफ्यांना ब्रोदरी, म्हणजे कशिदा, म्हणतात. या वळणदार वेलबुट्ट्या परंपरेने बॉक्सवुड नावाच्या बारीक पानाच्या सदाहरित झुडपाच्या, आणि त्यांच्यामधली जमीन लाल विटांच्या भुकटीने किंवा काळ्या दगडी चुऱ्याने भरलेली. इथे माती दिसता कामा नये. रंग फक्त हिरवा, लाल, काळा आणि वाळूचा. अशी नक्षी जमिनीवर उतरवण्याची रीत तीनशे वर्षांत फारशी बदललेली नाही. आधी पाणसळ लावून जमीन सपाट करायची आणि धुमसाने ठोकायची, कारण नंतर जमीन बसली तर वेलबुट्टी वाकडी दिसते. मग कागदावरच्या आराखड्यावर चौकोनांची जाळी आखायची, तीच जाळी मोठ्या मापाने खुंट्या आणि सुतळीने जमिनीवर घालायची, आणि एकेक चौकोनातली वळणं टोकदार काठीने ओढून घ्यायची. वळणावर चर खणून बॉक्सवुडची मुळं फुटलेली छाटकलमं १० ते १५ सेंटीमीटरच्या अंतराने लावायची. मोठी गोल वळणं खुंटीला दोरी बांधून, दोरी ताणून फिरवतात. दोरी ओली झाली की तिची लांबी बदलते, म्हणून पावसात आखणी करत नाहीत.

लावणं सोपं, राखणं अवघड. बॉक्सवुड सावकाश वाढतं, पण दरवर्षी कातरलं नाही तर दोन हंगामांत नक्षीची धार जाते. पहिली छाटणी वसंतातली पालवी पक्की झाल्यावर, मे-जूनमध्ये. दुसरी हलकी छाटणी उन्हाळा सरताना. ढगाळ दिवस निवडतात. कडक उन्हात कातरलं तर आतली कोवळी पानं एकदम उघडी पडून करपतात आणि पिवळट डाग पुढच्या पालवीपर्यंत राहतात. कुंपणाची बाजू तळाशी किंचित रुंद आणि वर अरुंद ठेवायची. उभी भिंत ठेवली तर वरच्या पानांची सावली खाली पडते, तळ उघडा पडतो आणि कोरड्या काड्या दिसायला लागतात. नव्या माणसाची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे नजरेने वरची पातळी धरणं. जमिनीला बारीक उतार असतो, नजर त्याला फसते. म्हणून दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणून, तिच्यावर पाणसळ ठेवूनच कातर चालवतात. कातरण झाडावर पडून राहू द्यायची नाही. ती ओली राहते आणि तिथूनच रोग सुरू होतो. मोठे शंकू आणि पिरॅमिड यू या सूचिपर्णी झाडाचे असतात. ते वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या शेवटी, लाकडी साचा लावून कातरले जातात.

गेली पंधरा-वीस वर्षं या साऱ्या बागांवर दोन संकटं आहेत. पहिलं, एक बुरशी. दमट, उबदार हवेत पानं ओली राहिली की तपकिरी ठिपके पडतात, कोवळ्या काड्यांवर काळे चरे उमटतात आणि पानं झडून झाड उघडं पडतं. आपल्याकडचे शेतकरी याला बिनदिक्कत करपा म्हणतील. तो कातरीवरून, बुटांच्या तळव्यांवरून, ओल्या कपड्यांवरून पसरतो. म्हणून पानं ओली असताना कातरायचं नाही, एका वाफ्यावरून दुसऱ्यावर जाताना पाती निर्जंतुक करायची, आणि पाणी वरून न शिंपडता मुळाशी द्यायचं. दुसरं संकट पूर्व आशियातून आलेला पतंग. तो २००७ मध्ये जर्मनीत पहिल्यांदा आढळला, पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये पोहोचला. काळ्या डोक्याची, काळ्या रेघांची हिरवी अळी आधी पानं खाते, मग साल. वर्षाला दोन-तीन पिढ्या, आणि थंडीत दोन पानं एकत्र शिवून आत दडून बसते, त्यामुळे हिवाळ्यात बाग निरोगी दिसते. उपाय तेच, जे महाराष्ट्रात बोंडअळीवाल्यांना पाठ आहेत: पतंग कधी उडतात हे कळायला कामगंध सापळे, आणि अळी लहान असतानाच बीटी जिवाणूची फवारणी. ज्या जिवाणूचं जनुक बीटी कापसात घातलेलं आहे, त्याच जिवाणूची ही फवारणी. ती अळीने खाल्ली तरच चालते. मोठ्या अळीवर फारशी चालत नाही आणि पाऊस आला की धुऊन जाते. फवारणी झुडपाच्या आतपर्यंत पोहोचली नाही तर फुकट, आणि नीट कातरलेलं बॉक्सवुड इतकं दाट असतं की नेमकं तिथेच ती पोहोचत नाही.

वोमधले कशिद्याचे वाफे मूळ सतराव्या शतकातले नव्हते. मार्शल व्हिलार, मग शोअझल-प्रास्लँ घराणं, असे मालक बदलत बाग मोडकळीला आली होती. १८७५ मध्ये साखर शुद्ध करण्याच्या व्यवसायातल्या आल्फ्रेद सोमिए यांनी लिलावात ती घेतली. (साखरेचा पैसा बागेत गेला, हे वाचून महाराष्ट्रातल्या वाचकाच्या चेहऱ्यावर हसू येणार, ते येऊ द्या.) त्यांनी वास्तुरचनाकार देस्तायर आणि माळी एली लेने यांना हाताशी धरून, सतराव्या शतकातल्या इस्राएल सिल्व्हेस्त्रच्या कोरीव चित्रांवरून जमीन पुन्हा उकरली. कशिद्याचे वाफे त्याहूनही उशिरा, १९२०च्या दशकात, आशिल द्युशेन यांनी बसवले. तेच बॉक्सवुड रोगाने खालावत गेलं आणि २०१९ मध्ये काढून टाकावं लागलं. त्या जागी पात्रिक उर्काद यांच्या कल्पनेने ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची तात्पुरती नक्षी मांडली गेली.

यावर जाणकारांत बरीच नाकं मुरडली गेली. माझं मत वेगळं आहे. पायऱ्यांवरून पाहणाऱ्याला पान दिसत नाही, रेघ दिसते. आणि ही बाग पायऱ्यांवरून पाहण्यासाठीच आहे. पट्ट्यांवर आकाशाचा रंग उतरतो, ढग आले की त्या विझतात, ऊन आलं की पेटतात. जवळ गेल्यावर त्या उघड्या पडतात हे खरं, पण जवळ गेल्यावर उघडं पडणं हा इथला नियमच आहे. बॉक्सवुडच्या जागी बारीक पानांची होली किंवा जपानी युओनिमस लावता येते, अनेक बागांनी तसं केलंही आहे. पण होलीला चुनखडीची जमीन मानवत नाही, पानं पिवळी पडतात, आणि युओनिमसवर भुरी येते. घाईने झाड निवडण्यापेक्षा धातूची तात्पुरती रेघ बरी.

कारंज्यांबद्दल एक गैरसमज आहे की ती दिवसभर चालतात. अशा बागांतली जुनी कारंजी उंचावरच्या टाक्यांतल्या पाण्याच्या दाबावर उडतात. पाण्याचा झोत टाकीच्या पातळीपेक्षा वर जाऊ शकत नाही. नळातल्या घर्षणात आणि वळणांत आणखी उंची गमवावी लागते. तोंड अरुंद केलं तर झोत बारीक पण जास्त वेळ उडतो, रुंद केलं तर टाकी लवकर रिकामी होते. म्हणून पाणी ठरावीक दिवशी, काही तासच सोडतात. वोमध्ये हंगामातल्या ठरावीक शनिवारी दुपारी. जाण्याआधी त्या वर्षाचं वेळापत्रक पाहून घ्यावं. आणि कारंज्यांच्या दिवशी एक गोष्ट हातची जाते, तीही ठाऊक असावी: तळ्यांचे आरसे फुटतात. प्रतिबिंब हवं की झोत, हे आधी ठरवा.

पोहोचण्याचे मार्ग दोन. पॅरिसच्या गार द ल्योंहून मलँ अर्ध्या तासात येतं, पुढचे सहाएक किलोमीटर टॅक्सी. किंवा गार द लेस्तहून पी लाइनने व्हेर्नय-लेतांगला उतरून शातोची बस. ही बस गाड्यांच्या वेळेला जोडलेली आणि मोजकीच असते. परतीची चुकली तर त्या छोट्या स्टेशनापर्यंत पोहोचणं कठीण, म्हणून परतीची वेळ जातानाच पाहून ठेवावी. हंगाम साधारण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, शिवाय नाताळचे काही आठवडे. हर्क्युलिसपर्यंत जाऊन यायला, थांबत पाहत, निदान दोन तास हवेत. शातो, घुमट आणि घोडागाड्यांचं संग्रहालय धरून अर्धा दिवस. मधल्या रस्त्यावर सावली नाही आणि खडी उन्हात तापते. पाण्याची बाटली, टोपी, सपाट तळव्याचे बूट. चाकाची खुर्ची खडीत रुतते. चालणं कठीण असलेल्यांसाठी विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या भाड्याने मिळतात, त्यासाठी वाहन परवाना जवळ असलेला बरा. गाडीने गेलात तरी पायऱ्यांपासून चौकोनी तळ्यापर्यंतचा भाग जमेल तेवढा पायी करा, कारण कालवा अचानक समोर येण्याचा धक्का गाडीत बसून लागत नाही.

उन्हाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी सुमारे २,००० मेणबत्त्या लावतात आणि गर्दी त्यासाठीच लोटते. देखणं असतं, शंका नाही. पण अंधारात जमिनीच्या पातळ्या दिसत नाहीत, तळ्यांच्या कडा हरवतात, आणि ल नोत्रने केलेलं सगळं काम दिव्यांच्या रांगांमागे जातं. मेणबत्त्या पाहायच्याच असतील तर चार वाजता पोहोचा, ऊन तिरपं होईपर्यंत हर्क्युलिसला जाऊन या, मग दिवे पाहा. आणि पॅरिसला परतायची शेवटची गाडी किती वाजता आहे ते मेणबत्त्या पेटायच्या आधी पाहून ठेवा, कारण रात्री मँसीत टॅक्सी हात केल्यावर थांबत नाही, आधी सांगून ठेवावी लागते.